'द लव्हर्स' आणि वडगावचा ईष्टुर फाकडा

रोलँड जोफे या इंग्रज दिग्दर्शकाचा 'द लव्हर्स' हा चित्रपट २०१५ साली प्रदर्शित झाला. एक इंग्रज कप्तान आणि एक मराठा तरुणी यांची ही प्रेमकथा १७७८ सालच्या हिंदुस्थानात घडते. त्या कप्तानाचं नाव आहे जेम्स स्टुअर्ट. हा माणूस खरोखर होऊन गेला. ४ जानेवारी १७७९ रोजी तो कार्ल्याजवळ मराठ्यांच्या तोफगोळ्याने ठार झाला, आणि त्याची समाधी आज वडगाव मावळच्या पोलीस ठाण्याच्या आवारात आहे. मावळात त्याला स्टुअर्ट म्हणून फारसं कुणी ओळखत नाही. तिथे तो ईष्टुर फाकडा.

चित्रपट फारसा चालला नाही, समीक्षकांनीही त्याला उचलून धरलं नाही. तरीही लोणावळा ते तळेगाव या पट्ट्यात राहणाऱ्या किंवा तिथून येजा करणाऱ्या माणसाने तो एकदा पाहावा असं मला वाटतं. पाहण्याआधी त्यात खरं किती आणि रचलेलं किती, एवढं मात्र माहीत हवं.

चित्रपटात काय आहे

गोष्ट दोन काळांत चालते. नजीकच्या भविष्यातला जय हा सागरी जीवशास्त्रज्ञ समुद्राच्या तळाशी एका जुन्या व्यापारी जहाजाचे अवशेष शोधत असतो. तिथे त्याला एक अंगठी सापडते. ती एका जोडीतली असते. अपघात होऊन जय बेशुद्धावस्थेत जातो आणि गोष्ट १७७८ मध्ये उतरते. जयची भूमिका करणारा जॉश हार्टनेटच तिथे कप्तान जेम्स स्टुअर्ट होऊन उभा राहतो. कंपनी सरकार पुण्याच्या गादीचा वारस आपल्या मर्जीने ठरवू पाहत असतं, आणि त्या धामधुमीत स्टुअर्टची गाठ तुळजा नाईक या शस्त्र चालवणाऱ्या मराठा तरुणीशी पडते. तुळजाचं काम बिपाशा बासूने केलं आहे. अभय देओल, मिलिंद गुणाजी आणि अतुल कुलकर्णी हे ओळखीचे चेहरेही आहेत.

याचं मूळ पुण्यात आहे. चित्रपटाची कथा अजेय झणकर यांची आणि निर्मात्यांतही त्यांचं नाव आहे. 'सरकारनामा' लिहिणारे हेच झणकर. नारायणराव पेशव्यांचा खून, बारभाई आणि वडगावची लढाई या काळावर त्यांनी 'द्रोहपर्व' ही मराठी कादंबरी लिहिली. चित्रपटाचं आधीचं नाव 'सिंग्युलॅरिटी' होतं. पैसा बेल्जियम, ऑस्ट्रेलिया आणि भारत अशा तीन देशांतून उभा राहिला.

जोफे हा या प्रकारातला मुरलेला माणूस. दक्षिण अमेरिकेत स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या ओढाताणीत चिरडल्या गेलेल्या ग्वारानी लोकांवर त्याने 'द मिशन' केला आणि १९८६ साली कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. २०११ मध्ये त्याने स्पेनच्या यादवी युद्धावर 'देअर बी ड्रॅगन्स' केला. त्यातही प्रेम, मत्सर आणि दगा हे सगळं युद्धाच्या दोन्ही बाजूंना वाटलेलं आहे. ऐतिहासिक प्रेमपटाची ही जुनी रीत: प्रेमाच्या आड एखादा खलपुरुष न आणता अख्खं युद्धच आणायचं, आणि नायकाला दोन छावण्यांच्या मधे उभं करायचं. स्पेनमधला नायक उचलून त्याने बोरघाटात आणला, असं म्हटलं तरी चालेल.

खरा स्टुअर्ट मावळात का आला

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, पेशवेपदावर बसले. पण नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. नाना फडणीस, सखाराम बापू आदी मुत्सद्द्यांनी बारभाईंचं कारस्थान उभं केलं, आणि १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाल्यावर राघोबांच्या पायाखालची जमीन सरकली. ते मुंबईकर इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. इंग्रजांना साष्टी आणि वसई हवी होती, राघोबांना गादी.

इथे एक नातं सांगायला हवं. राघोबा हे थोरल्या बाजीरावांचे आणि काशीबाईंचे पुत्र. म्हणजे संजय लीला भन्साळींचा 'बाजीराव मस्तानी' ज्या घराची गोष्ट सांगतो, त्याच घरातल्या पुढच्या पिढीचं भांडण 'द लव्हर्स'च्या मुळाशी आहे. दोन्ही चित्रपट २०१५ सालचेच.

कलकत्त्याच्या वरिष्ठांनी सुरतेचा तह नाकारला आणि १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. मुंबईकरांच्या पोटात मात्र ते दुखणं राहिलं. त्यात सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्याला आल्याने त्यांना निमित्त मिळालं. नोव्हेंबर १७७८ मध्ये राघोबांना पुण्याला नेऊन बसवण्यासाठी मोहीम निघाली. आघाडीला सहा तुकड्या ग्रेनेडियर शिपाई घेऊन कप्तान स्टुअर्ट पुढे गेला आणि त्याने बोरघाट ताब्यात घेतला. घाटात त्याला कुणी अडवलं नाही.

आठ मैल, अकरा दिवस

मागून मुख्य फौज आली. सुमारे ३,९०० सैनिक, त्यांतले सहाशेच्या आसपास गोरे. सामान ओढायला एकोणीस हजारांवर बैल. सेनापती कर्नल एगर्टन आजारी. शिवाय हुकूम एकट्याचा नाही: एगर्टन, जॉन कार्नॅक आणि थॉमस मॉस्टिन अशा तिघांची समिती. त्यातला पुण्याचा माहीतगार एकटा मॉस्टिन, तो आजारी पडून मुंबईला परतला आणि १ जानेवारीला वारला.

पनवेलहून निघालेली ही फौज तोफा वर चढवत डिसेंबरच्या अखेरीस घाटमाथ्यावर आली. खंडाळा ते कार्ले हे अंतर आठ मैलांचं. आज लोकलने लोणावळ्याहून मळवली हे पुढचंच स्टेशन आहे. एगर्टनच्या फौजेला हे आठ मैल कापायला अकरा दिवस लागले.

बैल हे त्यामागचं मोठं कारण. एवढी जनावरं म्हणजे मैलोन्मैल लांबलेली रांग. पुढचं टोक मुक्कामाला पोचलं तरी मागचं टोक अजून उठलेलं नसायचं. रांगेच्या दोन्ही बाजूंनी मराठा घोडेस्वार घिरट्या घालत. समोर उभं राहून लढायचं नाही, कडेचं तोडायचं, वैरणीला गेलेली टोळी कापायची, रात्री बाण सोडून जनावरं बुजवायची. हे बाण म्हणजे बांबूला बांधलेल्या लोखंडी नळ्यांतली दारू, त्या काळचे अग्निबाण. इंग्रज थांबत, फळी धरत, तोफा लावत. तेवढ्यात समोर कुणीच नसायचं. गावं आधीच उठवलेली. दाणागोटा हलवलेला, वैरण पेटवलेली. मुंबईहून येणारी रसद घाटात तोडायची व्यवस्था कोकणातल्या मराठा तुकड्यांनी केलेली. मावळातल्या कुणब्यांनी स्वतःच्या गंजी पेटत्या पाहिल्या असतील, आणि या विजयातला तो वाटा कुठल्याही चित्रपटात दिसत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

या सगळ्या रेंगाळण्यात आघाडीला उभा राहून तडफेने लढणारा एकच माणूस दोन्ही सैन्यांना दिसत होता, तो स्टुअर्ट. ४ जानेवारीला कार्ल्यापाशी तोफगोळा लागून तो पडला. उंचावर चढून तो दुर्बिणीने मराठ्यांचा ठाव घेत होता आणि भिवराव पानशांच्या तोफखान्याने नेम धरून त्याला टिपलं, असं मावळात सांगतात. ३१ डिसेंबरला लेफ्टनंट कर्नल के प्राणांतिक जखमी झाला होताच. दोन्ही कामाचे अधिकारी गेल्यावर ६ जानेवारीला एगर्टनने सूत्रं कर्नल कॉकबर्नकडे दिली.

तळेगाव ते वडगाव

९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोचले. गाव जळालेलं होतं. समोर महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांच्या फौजा. वेळ आली तर चिंचवड आणि खुद्द पुणंही पेटवून द्यायची तयारी करून ठेवलेली. पुणं इथून एका दमदार मजलेवर होतं. पण पोटाला उरलेलं अन्न मोजकं, आणि राघोबांच्या बाजूने फुटून येतील म्हणून ज्या सरदारांचा भरवसा होता त्यांतला एकही फुटला नाही.

११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी मागे फिरायचं ठरवलं. अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटल्या, उरलेला साठा पेटवला आणि अंधारात फौज निघाली. गुपचूप निघायचं तर साठा पेटवायला नको होता. पण मराठ्यांचे जासूद एवढे चोख होते की न पेटवताही फरक पडला नसता. पहाटेच्या आत मराठे त्यांच्या चारी बाजूंना होते. पिछाडी सांभाळली कप्तान हार्टलीने. त्याने आणि त्याच्या शिपायांनी हल्ल्यामागून हल्ले झेलले, म्हणूनच उरलेली फौज १२ तारखेला वडगावात शिरू शकली. त्या दिवसात साडेतीनशेच्या वर माणसं मेली, जखमी झाली किंवा सापडली नाहीत. १३ तारखेला पुन्हा मारा सुरू झाला. हार्टली म्हणत होता, अजून वाट काढता येईल. कॉकबर्न म्हणाला, नाही.

मग बोलणी. आधी फार्मर या चिटणिसाला पाठवलं. नानांचं पहिलं मागणं एकच: राघोबांना आमच्या हवाली करा. राघोबांनी तोवर स्वतःच महादजींशी संधान बांधून त्यांच्या स्वाधीन व्हायचं ठरवलं होतं. पुढे होम्स हा अधिकारी महादजींकडे गेला आणि १६ जानेवारीला तह ठरला. १७७३ नंतर घेतलेला मुलूख, साष्टीसकट, परत द्यायचा. मुंबईकरांच्या मदतीला बंगालमधून येणारी फौज थांबवायची. भडोचच्या उत्पन्नातला वाटा महादजींना आणि त्यांच्या माणसांना एक्केचाळीस हजार रुपये. ओलीस म्हणून फार्मर आणि लेफ्टनंट स्टुअर्ट. हा स्टुअर्ट दुसरा, नावामुळे अनेकांचा घोटाळा होतो.

कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने हा तह मानला नाही, युद्ध पुढे चाललं आणि १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने संपलं. मधे १७८१ मध्ये जनरल गॉडर्डने पुन्हा बोरघाट चढून पाहिला आणि तोही मार खात परतला. कंपनीने कार्नॅक, एगर्टन आणि कॉकबर्न या तिघांना नोकरीतून काढलं.

तुळजा कुठून आली

तुळजा नाईक ही कल्पनेतली. स्टुअर्टच्या आयुष्यात अशी कुणी मराठा स्त्री होती याला इतिहासात आधार नाही. आघाडी घेऊन तो घाटात शिरला त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत संपला. ते दिवसही रोजच्या चकमकींचे. त्यात प्रेमकथेला जागा करायची तर काळ ताणावा लागतो, राजवाडे आणावे लागतात, जोडअंगठ्या आणाव्या लागतात. चित्रपटाने हे सगळं केलं आहे. भारतातलं चित्रीकरणही मध्य प्रदेशात झालं. त्यामुळे पडद्यावर जो मुलूख दिसतो तो मावळ नाही. करवंदीच्या जाळ्या, कातळाचे सुळके, घाटातलं धुकं, विसापूर आणि लोहगडाच्या मधली खिंड, यांतलं काही त्यात नाही, आणि ही चित्रपटातली सर्वांत मोठी उणीव आहे. मावळची लढाई मावळच्या भूगोलाने जिंकली. भूगोलच काढून घेतला तर उरतो तो फक्त पोशाख.

हातात शस्त्र घेतलेली बाई या मुलखात दाखवणं मात्र मुळीच अतिशयोक्त नाही. लोणावळ्याच्या कुरवंड्यावरून खाली उतरलं की उंबरखिंड. तिथे २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या मुघल फौजेला कोंडलं. त्या फौजेत रायबागन ही लढवय्यी बाई होती आणि शरण जाण्याचा शहाणा सल्ला खानाला तिनेच दिला. दुसरं नाव तळेगावचं. सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्रिंबकराव थोरल्या बाजीरावांविरुद्ध लढताना पडला. पुढच्याच वर्षी या विधवा बाईने स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर चाल केली आणि जोरावरखान बाबीला नमवलं. सेनापतीपदाचा कारभार एका स्त्रीने चालवल्याचं असं दुसरं उदाहरण मराठेशाहीत सहसा सापडत नाही. ज्या तळेगावाच्या राखेत इंग्रजांची मोहीम संपली ते उमाबाईंचं गाव. तुळजा रचणाऱ्यांच्या अगदी शेजारी ही खरी व्यक्तिरेखा उभी होती.

फाकडा हा मान

आता चित्रपटातलं खरं काय, ते सांगतो. स्टुअर्टवर मराठी माणसांचा जीव जडला होता, ही गोष्ट खरी आहे. फाकडा म्हणजे बेडर, रुबाबदार लढवय्या. मराठेशाहीत ही पदवी मोजक्यांना मिळाली. मानाजी शिंदे फाकडे, कोन्हेरराव एकबोटे फाकडे, आणि त्यांच्या पंगतीला हा स्कॉटिश नावाचा शत्रू. नाव मराठी जिभेला जमेल तसं ईष्टुर झालं. ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापला, म्हणजे लढाईला पन्नास वर्षंही झाली नव्हती. त्याने नोंदवलंय की लोक अजून या नावाने त्याची आठवण काढतात.

जिंकलेल्यांनी हरलेल्यांतला एक माणूस असा आपलासा करावा आणि अडीचशे वर्षं त्याला विसरू नये, ही साधी गोष्ट नाही. वडगावात त्याच्या समाधीला श्रद्धेने हात जोडणारे लोक आहेत. त्याच गावात महादजी शिंदे यांचं स्मारक आहे. ज्यांनी लढाई जिंकली ते आणि ज्याला मारलं तो, दोघांचा मान एका गावाने ठेवला. झणकरांना कथा सुचली ती या धाग्यावरून असावी असं मला वाटतं, कारण प्रेमकथेचं बीज इथेच आहे: शत्रूबद्दल वाटलेली ओढ. चित्रपटाने ती एका स्त्रीच्या मनात घातली. खरी ओढ अख्ख्या सैन्याची आणि मुलखाची होती, आणि ती दाखवायला दिग्दर्शकाला कसलीही जादूची अंगठी लागली नसती.

हा मुलूख पाहायचा तर

पुणे-लोणावळा लोकल ही या लढाईची उलटी वाट आहे. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा. लढाईच्या क्रमाने पाहायचं असेल तर लोणावळ्याहून सुरुवात करावी. खंडाळ्याला राजमाची पॉइंटवर उभं राहून खाली पाहिलं की तोफा वर आणणं काय होतं ते कळतं. तेव्हा गाडीरस्ता नव्हता. पक्का रस्ता १८३० मध्ये आणि घाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली.

मळवलीला उतरून कार्ल्याच्या लेण्यांकडे जाताना सभोवतालचं मैदान नीट पाहावं. समोर लेण्यांचा डोंगर, मागे लोहगड-विसापूर, मधे इंद्रायणीचं सपाट खोरं. स्टुअर्ट पडला तो याच टापूत. बहुतेक लोक एकवीरेचं दर्शन घेऊन, लेण्याचं चैत्यगृह पाहून परततात, आणि या मैदानाकडे पाठ फिरवतात.

वडगावला स्टेशनपासून गाव जवळ आहे. मावळ तालुक्याचं मुख्यालय इथेच. समाधी पोलीस ठाण्याच्या आवारात असल्याने आत जाण्याआधी विचारावं, कामात अडथळा आणू नये. तळेगावला बनेश्वराच्या देवळापाशी खंडेराव दाभाड्यांची समाधी आहे, तीही पाहावी. हे सगळं एका दिवसात आरामात होतं. मात्र पावसाळ्यातला शनिवार-रविवार टाळावा, कारण लोणावळ्याला वाहनांची एवढी कोंडी होते की दिवस रस्त्यातच जातो.

'द लव्हर्स' करमणूक म्हणून मध्यम आणि इतिहास म्हणून कच्चा आहे. पण वडगावातल्या एका समाधीवरून बेल्जियम आणि ऑस्ट्रेलियाचा पैसा हलला, हे त्याने दाखवून दिलं. मराठीत आज ऐतिहासिक चित्रपटांची रांग लागली आहे आणि त्यांतले बहुतेक सतराव्या शतकाभोवतीच फिरतात. लिहिणाऱ्यांना आणि काढणाऱ्यांना विनंती एवढीच की वडगावची लढाई एकदा मराठीत करा, ती मावळातच चित्रित करा, आणि त्यात महादजी, उमाबाईंचं तळेगाव, गंजी पेटवणारे कुणबी आणि ईष्टुर फाकडा या सगळ्यांना जागा द्या.